मनोरा तिचा, डबे माझे

जंगलात मनोरा उभा राहणार ही बातमी मला आमच्या विभागातल्या शिपायानं दिली. ‘तुमच्या जंगलात टॉवर येतोय म्हणं मॅडम. मोबाईलचा न्हवं, झाडांचा.’ मोबाईल तेव्हा कोल्हापुरात नुकते कुठं दिसायला लागले होते. मी हसले, पण ‘तुमच्या जंगलात’ हे शब्द मला आवडले. मलाही ते माझंच वाटायचं.

मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. राधानगरीच्या पुढं, घाटमाथ्यावरच्या जंगलातली माती किती श्वास सोडते हा माझा विषय. मातीतली मुळं, बुरशी, कुजणारा पाला, सगळं मिळून कर्बवायू बाहेर टाकत असतं. तो मोजायची माझी पद्धत जुनी आणि गरिबाची होती. जमिनीवर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची बरणी उघडी ठेवायची, तिच्यावर पत्र्याचा डबा पालथा घालून कडा मातीत दाबायच्या, आणि दुसऱ्या दिवशी बरणी उचलून प्रयोगशाळेत आणायची. सोड्यानं किती वायू शोषला ते आम्ल थेंबथेंब घालून काढायचं. सूचकाचा गुलाबी रंग गेला की थांबायचं. तेलाचे रिकामे डबे मी गडमुडशिंगीहून, आमच्या गावच्या किराणा दुकानातून आणले होते. सोड्यानं माझी बोटं सोलवटलेली असायची. आई म्हणायची, ‘लगीन ठरवायला आलेलं पावणं हात बघून परत जातील की गं.’

वसतिगृहात माझ्या खोलीत एक वारणानगरची मुलगी होती. तिचे वडील तिकडच्या साखर कारखान्यात कामाला, घर कामगारांच्या कॉलनीत. ती फिजिक्सची. मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची आणि उशीला डोकं टेकलं की झोपायची. कोल्हापुरात आम्ही मुली ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतो. तिच्या तोंडी ते फारच शोभायचं. माझ्या प्रयोगशाळेतला वजनकाटा बिघडला तेव्हा मीच तिला घेऊन गेले. तिनं तो खोलला, आत फुंकर मारली, एक तार जोडली आणि काटा चालू झाला. माझे मार्गदर्शक सर बघत होते. मी कौतुकानं म्हटलं, ‘सर, हिला काहीही दुरुस्त करता येतं.’

मनोऱ्यासाठी बाहेरच्या संस्थेची माणसं आली तेव्हा सरांनी मला बोलावलं. मी नवीन ड्रेस घालून गेले. जंगलातली प्रत्येक वाट मला माहीत होती. माझ्याशिवाय दुसरं कोण असणार?

‘तू त्यांना जागा दाखव,’ सर म्हणाले. ‘सपाट असली तर बरं. आणि तुझी ती खोलीतली मैत्रीण, फिजिक्सवाली. तिला उद्या घेऊन ये. मनोऱ्यावर इलेक्ट्रॉनिक्स कळणारं माणूस पाहिजे.’

‘आणि मी, सर?’

‘तू माती बघ. ती तुझी छानच चाललीय.’

मी खोलीवर येऊन तिला निरोप सांगितला. ती खाटेवरून उडी मारून उठली, मला मिठी मारली. ‘आपण दोघी एकाच जंगलात! पण मला तर झाडाचं नाव बी येत न्हाई की गं.’ मी तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून भिंतीकडं बघत राहिले. नाव येत नाही, आणि जंगल मात्र मिळालं.

लोखंडी मनोरा झाडांच्या शेंड्यांच्याही वर गेला. त्याच्या टोकाला आडव्या दांडीवर तीन बोटांच्या चिमट्यासारखं एक यंत्र होतं. ते आवाजाच्या लहरींनी वारा मोजायचं, वर जाणारा वेगळा, खाली येणारा वेगळा, आणि तेही सेकंदाला दहा वेळा. शेजारच्या नळकांड्यात त्याच झुळकीतला कर्बवायू आणि वाफ मोजली जायची. ती मला समजावून सांगायची. ‘हे बघ, खाली जाणाऱ्या झुळकीत वायू जास्त आणि वर येणाऱ्या झुळकीत कमी, म्हंजे मधल्या मधी कुणी खाल्ला? झाडांनी. वाफेचं उलटं. वर येणारी झुळूक ओली असती. सगळ्या झुळकांचा हिशेब घातला की अख्ख्या जंगलानं काय घेतलं, काय सोडलं ते कळतंय.’

अख्ख्या जंगलानं! माझा डबा उचलला की खाली दिसायची ती ताटाएवढी माती.

तिला कमरेचा पट्टा मिळाला, डोक्याला शिरस्त्राण, पायात जाड तळाचे बूट. मी रबरी चपला आणि मिठाची पुरचुंडी घेऊन जळवा काढत खाली वाकलेली असायची. वरून तिची हाक यायची, ‘ए, वर बघ की!’ मी बघायची नाही. ऐकू आलं नाही असं दाखवायची.

एका स्थानिक पेपरात तिचा फोटो आला. मनोऱ्यावर उभी, केस वाऱ्यानं उडालेले, खाली ‘जंगलाचा श्वास मोजणारी कन्या’ असं काहीतरी. मी शनिवारी घरी गेले तर वडिलांनी तो पेपर जपून ठेवलेला. ‘ही तुझ्या खोलीतली पोरगी न्हवं?’

‘हो.’

‘लई धाडसाची हाय. तू बी तिथंच काम करतीस न्हवं?’

‘हो.’

‘मग तू फोटोत कशी न्हाईस?’

त्यांनी सहज विचारलं होतं. मी म्हशींना वैरण टाकायचं निमित्त करून गोठ्यात गेले.

शेवटी तिनं मला वर नेलंच. ‘एकदा तरी चढ. मी मागनं येतो, पडलीस तर माझ्यावर पडशील.’ पट्टा तिनंच मला बांधला. मी एकेक पायरी चढत गेले. फांद्या बाजूला झाल्या, पानांचा अंधार संपला आणि अचानक डोकं उजेडात आलं. मी इतकी वर्षं ज्याच्या तळाशी सरपटत होते ते जंगल वरून एखाद्या हिरव्या गोधडीसारखं दरीपर्यंत पसरलं होतं. खाली कधीच न दिसलेली फुलं शेंड्यांवर होती. अंजनीची, जांभळाची झाडं मला वरून ओळखू येईनात.

‘कसं वाटतंय?’ तिनं विचारलं.

‘वारा फार आहे,’ मी म्हटलं.

मनोरा कुरूप असता, वर नुसतं ऊन आणि गंज असता तर मी शांत झाले असते. पण ते इतकं सुंदर होतं की उतरताना मी पायऱ्यांवरून नजर वर उचलली नाही. हे तिला रोज मिळत होतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर तिचे आकडे आले आणि मला थोडा आधार मिळाला. पावसात यंत्राच्या काचा ओल्या होऊन बरेच दिवस वाया गेले होते. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे, रात्री वारा पडला की मनोऱ्याला जंगल श्वासच सोडताना दिसायचं नाही. संध्याकाळी मांडून पहाटे उचललेल्या माझ्या डब्यांना मात्र रात्रीही माती व्यवस्थित श्वास सोडताना सापडायची. म्हणजे एवढं महागडं यंत्र रात्रभर आंधळं! मी दोन दिवस ते मनात घोळवलं. सरांसमोर कसं बोलायचं, आवाज कसा शांत ठेवायचा, सगळं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. समोरच्या चंचुपात्रातला गुलाबी रंग जायच्या बेतात होता.

‘ऐक. माझा मनोरा रात्री खोटं बोलतोय,’ ती म्हणाली. ‘वारा न्हाई तर झुळूक न्हाई, झुळूक न्हाई तर मला वायू दिसणार कसा? तो थंड हवेबरोबर उतारानं खालच्या खाली वाहून जात असणार. रात्रीचा हिशेब तुझ्या डब्यांशिवाय लागायचा न्हाई. मनोऱ्याच्या भोवती मांडूया? उताराला पण, खाली ओढ्यापर्यंत.’

माझ्या हातून आम्ल जास्त पडलं.

तिची चूक दाखवायला मी टपून बसले होते आणि चूक तिनंच शोधली होती. एवढंच नाही, माझ्या डब्यांचा उपयोगही तिला माझ्याआधी सुचला. उताराचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ती हसत उभी होती. तिला त्यात हार वाटतच नव्हती, आणि मला ते सगळ्यात जास्त झोंबलं.

‘मांडूया,’ मी म्हटलं.

आम्ही दोघींनी मिळून डबे मांडले. गव्यांनी तुडवले ते ठोकून सरळ केले. ओढ्यापर्यंतच्या उतारावर ती पुढं आणि मी मागं. काम चांगलं झालं, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्या कामावरचा लेख छापून आला तेव्हा तिचं नाव पहिलं, माझं दुसरं. ते न्याय्यच होतं. मी तो अंक ग्रंथालयात चाळला आणि परत फडताळात ठेवला.

त्या लेखावर तिला परदेशात जागा मिळाली. मनोऱ्याचं काम सरांनी मला दिलं. तिचाच पट्टा, तिचंच शिरस्त्राण. शिरस्त्राणाच्या आत तिचा एक लांब केस अडकलेला होता. मला हवं होतं ते सगळं मिळालं, पण ती उठून गेल्यावर तिच्याच ताटावर बसल्यासारखं वाटायचं. तरीही मी चढत राहिले. यंत्र पुसायला शिकले, बॅटऱ्या बदलायला शिकले, संगणकाशी भांडून आकडे काढायला शिकले. उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या कितीतरी आधी, झाडं नवी पालवी काढतात तेव्हा जंगलाची वाफ कशी वाढते यावर मी माझा स्वतःचा लेख लिहिला. पुढं निधी संपला आणि संस्थेनं मनोरा उतरवला. मला शहरातल्या एका कॉलेजात नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली.

बऱ्याच वर्षांनी ती सुट्टीला आली तेव्हा माझ्या घरी जेवायला आली. तशीच मोठ्यानं हसली, तांबड्या रश्श्याची वाटी परत परत पुढं केली. जेवण झाल्यावर आम्ही गॅलरीत बसलो. तिनं माझा लेख वाचला होता आणि विद्यार्थ्यांना शिकवतही होती, ते तिनं बोलता बोलता सांगितलं. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, ‘मी तुझ्यावर फार जळायचे गं. मनोरा आला तेव्हापासून.’

ती बडीशेप चघळायची थांबली. ‘खरंच? कशासाठी?’

‘सगळ्यासाठी.’

‘मला तर कधी कळलंच न्हाई,’ ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खरा गोंधळलेला होता की शंकेला जागाच नव्हती. ‘मला वाटायचं तू गप्प असतीस कारण तुला जंगलात बोललेलं आवडत न्हाई.’

मी हसले. पण आत कुठंतरी दुखलंही. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसून, तिच्या मागनं उतार उतरून जळत होते, आणि त्याची धगसुद्धा तिला कधी लागली नव्हती. ती रिक्षात बसून गेली. मी वर येऊन तिचं ताट उचललं, आणि थोडा वेळ तिच्या या न कळण्याचाही मला हेवा वाटला.