सोपानदादा आणि इमानी डुप्लिकेट

सोपानदादा व्हिडिओ गेमचा सेट टीव्हीला जोडायचे, कॅसेट खाचेत दाबायचे, बटण सुरू करायचे आणि टीव्हीकडे पाठ करून बसायचे. डोळे मिटलेले, हात मांडीवर. पडद्यावर विमानं एकमेकांवर गोळ्या झाडत असायची आणि हा गृहस्थ भिंतीकडे तोंड करून नुसता ऐकायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. ते डोळे न उघडताच म्हणाले, "ताई, चित्राला कुणी बी फसतं. नकली सेट आवाजात पकडायचा."

हिंजवडीच्या एका कंपनीत आम्ही दोघं सॉफ्टवेअर तपासायच्या विभागात होतो. कंपनीची बस कर्वेनगरच्या एकाच थांब्यावरून पकडायचो. त्यांच्या घरच्यांची कर्वेनगरला शेती होती. बिल्डर आला, वांग्याच्या वाफ्यांवर इमारत उभी राहिली आणि बदल्यात वरचा अख्खा मजला यांच्या वाट्याला आला. त्यातल्या एका फ्लॅटमध्ये ते राहायचे आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये त्यांचे सेट. वहिनी पाहुण्यांना सांगायच्या, "ह्या घरात आम्ही, त्या घरात ह्यांची सवत."

सेट सगळे डुप्लिकेट. मूळ जपानी यंत्रांच्या, कुणाच्याही परवानगीशिवाय केलेल्या नकला. जुन्या बाजारातून, मंडईमागच्या बंद पडलेल्या दुकानांतून, परदेशातल्या छंदिष्टांशी अदलाबदल करून जमवलेल्या. अस्सल सेट त्यांना नकोच असायचा. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आपल्या पोरांनी खरा सेट बघितलाय कधी? आपलं समद्यांचं बालपण डुप्लिकेटवर गेलं. मग ते बालपण काय खोटं हुतं?"

नकलांच्या त्यांनी तीन जाती केल्या होत्या. स्वस्तातला पण चालणारा तो 'गरीब'. खोक्यावर लाखो गेम छापून आत तेच चार गेम पुन्हा पुन्हा भरणारा तो 'लबाड'. आणि मूळ यंत्राचा रंग, आवाज, बटणाचा दाब जिवापाड सांभाळणारा तो 'इमानी'. इमानी सेट क्वचित सापडायचा. सापडला की ते बसमध्ये पेढे वाटायचे.

एकदा आमच्या साहेबांनी मॉलमधून मोठा काळाभोर सेट आणला आणि कौतुकानं दादांना दाखवला. जेवणाच्या सुट्टीत दादांनी तो उघडला. आत तळहाताएवढा सर्किट बोर्ड आणि शेजारी चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. "हे कशासाठी?" साहेबांनी विचारलं. "वजनासाठी. गिऱ्हाइकानं हातात घेतल्यावर भारी वाटावा म्हणून." साहेबांचा चेहरा उतरला, पण दादांनी त्यांनाही सवलत दिली नाही. "लबाड हाय, साहेब. मॉलमधला असला तरी." मग त्यांनी सेट बंद केला. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत बसवला. मला म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू उघडली तर जशीच्या तशी मिटवायची. न्हाईतर ती चोरी झाली."

त्यांचे परीक्षणाचे लेख परदेशी छंदिष्टांच्या एका संकेतस्थळावर यायचे. त्यांचं इंग्रजी मी नीट करून द्यायचे, म्हणून तिथं माझंही खातं होतं. हळूहळू मलाही काळ्या डांबरी ठिपक्याचे बोर्ड ओळखू यायला लागले. नंतरच्या स्वस्त नकलांमध्ये सगळी करामत त्या एका ठिपक्याखाली गाडलेली असते. सुरुवातीच्या, चांगल्या नकलांमध्ये सुट्या चिप असतात, पायांवर उभ्या. तसा बोर्ड भारतात मिळणं कठीण, असं ते नेहमी म्हणायचे.

आमच्या घरच्या सेटबद्दल मी त्यांना बरेच दिवस काही बोलले नव्हते. तो माझ्या धाकट्या भावाचा, राहुलचा. त्याची किडनी शाळेत असतानाच बिघडली. डायलिसिसचे दिवस सोडले तर तो घरीच असायचा, म्हणून बाबांनी त्याला सेट आणून दिला. आई स्वयंपाकघरात असायची आणि बाहेरच्या खोलीत त्या विमानाच्या गेमचं गाणं वाजत राहायचं. आईला बाहेर येऊन बघावं लागायचं नाही. गाणं थांबलं की मात्र ती हातातलं टाकून बाहेर यायची. राहुल कॉलेजात जायच्या आधीच गेला. सेट त्याच्या स्वेटरमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवला गेला.

पुढे मधुमेहानं आईची नजर अधू झाली. एके दिवशी दुपारी ती म्हणाली, "तो गेम लावशील का गं? बघायचा नाही. ऐकायचाय." मी सेट खाली काढला, पुसला, जोडला. चालू होईना. दुसऱ्या कुणाकडे जायचा प्रश्नच नव्हता. सेट घेऊन दादांकडे गेले आणि राहुलचं सगळं सांगितलं.

दादांनी तो माझ्यासमोर उघडला. आत सुट्या चिप, पायांवर उभ्या. मधल्या चिपवर निळ्या पेननं काढलेलं एवढंसं विमान. राहुलनं कधी लपून उघडला असेल, देव जाणे. मला एकदम रडू आलं. एरवी स्क्रू निघायच्या आत दादांचं व्याख्यान सुरू व्हायचं. त्या दिवशी ते बोर्डाकडे बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "राहू द्या इथं. लई जुना हाय, वेळ लागंल. राहुलचा हाय म्हंजे माझ्याच भावाचा हाय." त्या वाक्यानं मी निर्धास्त झाले.

काही आठवड्यांनी ते स्वतः सेट घेऊन घरी आले. तोच पिवळट पडलेला डबा, त्याच झिजलेल्या कडा. टीव्हीला जोडला, चित्र स्वच्छ आलं. आईच्या हातात गेमचा रिमोट देत म्हणाले, "घ्या आई, तुमचा सेट बोलाया लागला." आईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांनी वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि गेले.

ते गेल्यावर आई म्हणाली, "हा तो नाही."

"अगं, डबा बघ ना, हात लावून बघ. तोच आहे. टीव्ही नवा आहे म्हणून आवाज वेगळा वाटतो."

"राहुलचं गाणं गोल होतं. हे टोचतंय."

तिनं तो पुन्हा कधी लावायला सांगितला नाही. सेट परत माळ्यावर गेला.

पावसाळा संपता संपता मी त्या संकेतस्थळावर दादांचा नवा लेख चढवत होते. शेजारीच पोलंडच्या एका संग्राहकानं फोटो टाकले होते. अतिशय दुर्मिळ बोर्ड, पुण्यातल्या मित्राकडून अदलाबदलीत मिळाला, त्याचे आभार. फोटो मोठा केला. मधल्या चिपवर निळं विमान होतं.

मी माळ्यावर चढले, सेट काढला आणि दादांनीच शिकवल्याप्रमाणे स्क्रू सोडवले. राहुलच्या डब्यात काळा डांबरी ठिपका होता.

रविवारी सकाळी मी त्यांच्या त्या दुसऱ्या फ्लॅटवर गेले. ते जुन्या ब्रशनं रिमोटची बटणं घासत बसले होते.

"दादा, आमचा बोर्ड कुठाय?"

ते खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ब्रश खाली ठेवून म्हणाले, "पोलंडला गेला."

"दुरुस्त होत नव्हता का?"

"झाला हुता. पहिल्याच दिवशी झाला."

"मग?"

"ताई, तो तुमच्या माळ्यावर गंजून गेला असता. तिथं त्याची कदर हाय, काचेच्या कपाटात ठेवलाय त्यानं. अन् मी काय तुम्हाला मोकळा डबा दिला का? चांगला बोर्ड घातला. गेम तोच हाय."

"आईनं ओळखलं. त्याच दिवशी."

ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता शरमतील. पण त्यांचा चेहरा उजळला. "आईंनी? कशावरनं? आवाजावरनं ना? काय म्हणाल्या, कसा वाटला त्यांना?" विलक्षण आनंदानं विचारत होते. आपल्यासारखा कान असलेलं दुसरं कुणीतरी या गावात आहे, याचाच तो आनंद होता. बोर्ड गेल्याचं दुःख मी कदाचित गिळलं असतं, पण तो चेहरा मला आजही गिळता आलेला नाही.

माझा चेहरा बघून ते भानावर आले. कपाटाकडे हात करून म्हणाले, "ह्यातला कुठला बी घ्या. पायजे तो घ्या." मधल्या फळीवर पोलंडहून आलेला नवा सेट होता, राहुलच्या बदल्यात मिळालेला. मी उठले. दारात वहिनी चहाचे कप घेऊन येत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कप तसेच घेऊन त्या आत वळल्या, आणि मला कळलं की ही गोष्ट या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होती.

पोलंडच्या त्या माणसाला मी लिहिलं. त्याचं उत्तर सभ्य होतं. खेळणारा मुलगा वारला, घरच्यांनी आपण होऊन बोर्ड दिला, असं त्याला सांगण्यात आलं होतं. आता तो बोर्ड एका प्रदर्शनात होता आणि परत देणं त्याच्या हातात उरलं नव्हतं. मात्र प्रदर्शनात जाऊन त्यानं तो बोर्ड जोडला, गेम खेळला आणि आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी फोन आईच्या कानाशी धरला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"हो, हाच," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण खेळतंय दुसरंच कुणीतरी. राहुल एवढ्या लवकर मरायचा नाही या गेममध्ये." तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

बसमध्ये दादा पुढच्या बाकावर बसायला लागले. सुरुवातीला थांब्यावर "येतो ताई" म्हणायचे, मग तेही थांबलं. वर्षाखेरीस मी दुसरी नोकरी धरली. निरोपाच्या केकच्या वेळी ते आले होते. लांब उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि गेले. त्यांचे लेख अजून येतात. इंग्रजी आता कुणीतरी दुसरं नीट करतं. लेख चांगले असतात, आणि मी ते वाचते, हे मला स्वतःलाही कुठं तरी खटकतं.

मागच्या महिन्यात कर्वेनगरच्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. मुलगा परदेशी गेलाय, त्याचा लहानपणचा सेट बंद पडलाय, सोपानदादांचं नाव कुणीतरी सुचवलंय. "तुम्ही त्यांच्याबरोबर होतात ना? माणूस कसा आहे हो?"

"त्यांच्यासारखा जाणकार पुण्यात नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मग उद्या सेट देऊन येते."

"देऊन येऊ नका. दुरुस्त होईपर्यंत समोर बसून राहा, आणि बरोबर घेऊनच परत या."

त्या मोकळेपणानं हसल्या. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं. मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश.