चिमूचा आवाज सीडीवर उतरवताना

घरात नवं मशीन आलं की त्याचे किस्से भांड्यांपेक्षा जास्त साठतात. भांडी निदान मोडीत तरी देता येतात! आता चिमू शाळेत जाते, तो कंप्युटरही राहिला नाही, पण जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमधले त्याचे किस्से अजून निघतात.

व्हायरसला कंटाळून आमच्या ह्यांनी त्यात लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम टाकली होती. माईक लावून चिमूचा आवाज भरला होता. लेक नुकतीच 'आई' म्हणायला लागली होती. अन् एक दिवस कंप्युटरच्या आत टकटक सुरू झाली.

"हार्ड डिस्क जाऊन राहिली," हे म्हणाले. "सगळं सीडीवर उतरवून घ्या लागते."

मी लाटणं टाकून धावत आले. "अहो, पोरीचा आवाज राहीन ना?"

*

पहिल्याच दिवशी सीडी लिहिणारा बर्नर अडून बसला. पडद्यावर आलं, परवानगी नाही!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "घर तुमचं, मशीन तुमचं, अन् परवानगी कोणाची?"

"रूटची," हे म्हणाले. "लिनक्सचा सगळ्यात मोठा साहेब तो."

"मंग जा ना त्याच्याकडे! कोणत्या क्वार्टरात राहते?"

*

पुढच्या रविवारी शंभर टक्के झालं. मी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. सीडी लावून पाहिली, तर कोरी! यांनी 'सिम्युलेट'वर टिक ठेवली होती, म्हणजे नुसती तालीम.

काकू म्हणाल्या, "आमच्या गावचं नाटक बी असंच. तालीम जोरात, अन् खेळाच्या दिवशी पेटीवाला गायब!"

*

मग सीड्या अर्ध्यात बिघडायला लागल्या. यांनी हुकूम काढला, "सीडी चालू असताना कोणी मिक्सर लावाचा नाही, माऊसले हात लावाचा नाही!" चटणी पाट्यावर आली. बिघडलेल्या सीड्या मी चिमूच्या पाळण्यावर टांगल्या. भिंतीवर रंग नाचायचे, पोरगी खिदळायची. माझा जीव मात्र त्या टकटकीत.

शेवटी यांनी बर्नरचा वेग कमी केला, तेव्हा सीडी बरीच पुढं गेली. "आता जमते," हे म्हणाले. तेवढ्यात दसरा आला.

*

फॅक्टरीत हत्यारं पूजतात, तशी आमच्या घरी शिलाई मशीन, सायकल अन् कंप्युटरची पूजा. ती सासूबाईंनी केली.

दुसऱ्या दिवशी बर्नरमध्ये खडखड! सीडी आत गेली की ओळखच देईना. यांनी कमांडवर कमांड टाकल्या, केबल बदलली. टकटक वाढतच होती. मी रडकुंडीला आले. शेवटी ट्रे बाहेर काढून टॉर्च मारला, तर आत कुंकू लावलेले तांदळाचे दाणे!

"आई, ह्यात अक्षता कायले टाकल्या?" यांनी विचारलं.

"मी कुंकू लावाले बोट टेकवलं, तं त्यानं तोंडच उघडलं. सणाच्या दिवशी उघड्या तोंडाले रिकामं कसं धाडू?"

यांनी दाणे झटकले, नवी सीडी टाकली. घरात कोणी हलेना. शंभर टक्के झालं. मी देवाचं नाव घेतलं, यांनी सीडी लावली.

आधी चिमूचं "आ-ई, आ-ई." अन् मागून सासूबाईंचाच आवाज, "आ कर वं बाई, एक शीत तरी खाय!"

सासूबाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं.

"मंग? तिले बी तसंच म्हणलं ना मी!"