बाईचा पिक्चर आणि आमचं थेटर

थेटरात नोकरी केलेल्या माणसाला पिक्चर आठवत नाहीत, पब्लिक आठवतं. गेवराईच्या एका थेटरात मी मॅनेजर होतो. आता तिथं मंगल कार्यालय झालंय. पण जुन्या स्टाफपैकी दोघं-तिघं कुणाच्या लग्नात तिथं भेटलो, की अक्षता हातातच राहतात आणि कोणीतरी म्हणतंच, "साहेब, तो बाईचा पिक्चर आठवतो का?" मग नवरा-नवरी राहिले बाजूला!

ते दिवस घरोघरी केबल येण्याचे. गच्च्यांवर छत्र्या उगवत होत्या आणि आमच्या खुर्च्या रिकाम्या पडत होत्या. आमचे मालक आप्पा, मूळचे किराणा दुकानदार. त्यांनी सांगूनच टाकलं, "ह्या आठवड्यात पब्लिक आलं न्हाई तर कुलूप लावतो."

आम्ही घाबरून जोरदार मारामारीचा पिक्चर मागवला. एसटीनं रिळांची पेटी आली. उघडून बघतो तर भलताच पिक्चर! खेड्यात एकटी राहणारी एक शिक्षिका आणि तिची एक विद्यार्थिनी. संपलं. पोस्टरवर बाई खिडकीपाशी पाठमोरी उभी.

आप्पांनी पोस्टर हातात घेतलं, उलटं करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, "हिचं तोंड कुठं छापलंय?"

* * *

रिक्षातून माईकवर ओरडायचं काम दगडूचं. त्यानं मला विचारलं, "फायटिंग किती?"

"एकही नाही."

"गाणी?"

"नाहीत."

"व्हिलन तरी?"

"नाही रे बाबा."

"मग मी बोलू काय, साहेब? रिक्षा नुसती फिरवून आणू?"

शेवटी डोकं खाजवत गेला. बाजारात जाऊन बघतो तर दगडू बेंबीच्या देठापासून ओरडतोय, "एक बाई! एक पोरगी! आन् पुढं काय झालं ते आमालाबी म्हाईत न्हाई!"

संध्याकाळचा शो जवळजवळ भरला!

* * *

भरला खरा, पण पिक्चर सुरू झाला आणि पाचच मिनिटांत पब्लिक पेटलं. "आवाज! आवाज! ए ऑपरेटर, झोपला का बे?"

मी धावत वर केबिनमध्ये गेलो. ऑपरेटर गफूरभाई कपाळाला हात लावून बसलेले. "साहेब, बाई बोलतच न्हाई. मी काय घशातून काढू आवाज?"

"थोडा वाढवून तर बघा!"

त्यांनी खुंटी पार शेवटपर्यंत फिरवली. नेमकं त्याच वेळी पडद्यावरच्या बाईनं ताटातला पापड मोडला. पहिल्या रांगेतली माणसं खुर्च्या सोडून उठली आणि बाल्कनीतलं एक तान्हं पोर रडायला लागलं, ते इंटरव्हलपर्यंत गप्प झालं नाही!

* * *

लेडीजच्या दारावर आमच्या शांताबाई. त्यांच्या बाजूला वेगळाच पिक्चर चालायचा. पडद्यावर एका सीनमध्ये पोस्टमन येतो, पाणी मागतो, बाई तांब्या देते, तो पाणी पितो आणि जातो. एवढंच.

एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, पाणी काय देतीस, च्या ठेव की! चांगला सरकारी नोकरीतला हाय!"

दुसऱ्या दिवशी त्याच आजी परत, सोबत सून, लेक आणि शेजारीण. शांताबाईंनी विचारलं, "आजी, परत कावून आलाव?"

"काल हिनं नुसतं पाणीच दिलं. आज तरी च्या देती का बघू म्हणलं."

* * *

पिक्चरच्या शेवटी ती विद्यार्थिनी एसटीत बसून शहराला निघून जाते आणि बाई स्टँडवर एकटीच उभी राहते. पब्लिक तोंड पाडून बाहेर पडायचं.

सोमवारी गफूरभाईंचा गोंधळ झाला. शेवटचं रीळ आधी लागलं आणि त्याच्या आधीचं शेवटी! म्हणजे पोरगी एसटीत बसून गेली, आणि लगेच पुढच्या सीनला वर्गात हजर! थेटरात शिट्ट्या, टाळ्या! एक म्हातारा तर उठून उभाच राहिला. "आली बे, आली! बाईला सोडून जातीय कुठं?"

गफूरभाई घामाघूम होऊन आप्पांपुढं उभे. "मालक, माफ करा, रीळ चुकलं."

आप्पा दारातून बाहेर पडणारी हसरी तोंडं बघत होते. म्हणाले, "गफूरभाई, चुकलं ते चुकलं. आता रोज असंच चुका."

* * *

आणि गुरुवारी शेवटचा मॅटिनी.

बबन म्हणून एक वाळूच्या ट्रकवरचा ड्रायव्हर होता. धिप्पाड गडी. समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बसायचा. त्याला 'पाय काढ' म्हणायची माझीच काय, आप्पांचीही छाती नव्हती.

त्याच शोला लेडीजमध्ये वैद्य बाई आल्या होत्या. झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. थेटराची पायरी पहिल्यांदाच चढत होत्या. शांताबाईंनी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली.

पडद्यावर वर्गाचा सीन आला. बाई विचारते, "सतरा सत्ते?" पोरगी खाली मान घालून उभी. उत्तर नाही. बाई हलत नाही, पोरगी हलत नाही, कॅमेराही हलत नाही. ह्या सीनला पब्लिक बिडी ओढायला बाहेर जायचं.

तेवढ्यात अंधारात कोणीतरी उभं राहिलं. हाताची घडी घालून, ताठ.

"एकशे एकोणीस!"

बबन!

कोणी हसलं नाही. हसायची हिंमत कोणाची! आणि लेडीजमधून खणखणीत आवाज आला, "बबन, हे चौथीत का नाही रे सांगितलंस?"

बबनचा आवाज एकदम बारीक झाला. "येत होतं, बाई."

"मग?"

"माय आन् बा ऊसतोडीला गेलते. पाढा न्हाई आला की तुमी शाळा सुटल्यावर घरी न्यायच्या... जेवाय घालायच्या."

वैद्य बाई म्हणाल्या, "बस खाली."

बबन बसला.

शो सुटला तर ट्रक थेटराच्या दारात लागलेला. बबननं स्टूल मागून घेतलं, बाईंना हात देऊन ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं, पदर दारात अडकत नाही ना ते बघितलं आणि हळूच दार लावलं.

शांताबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "अवो साहेब, बाईंचं घर तर थेटराच्या मागंच हाय! ह्यो कुठं निघाला?"

ट्रक तोवर हायवेला, बबनच्या घराच्या वाटेला लागला होता.