सात मिनिटांचा श्वास

ट्रम्पेटचा सूर कागदाला घासून बाहेर पडला की तो पितळेचा राहत नाही; शेजारच्या खोलीत कोणी हलकेच बोलत असावं, तसा वाटतो. सिल्वासाच्या डोकमर्डी भागातल्या आमच्या घरात रविवारच्या दुपारी हा सूर दीड वर्ष नांदला. वाजवणारे माझे मामा. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, एकाच बैठकीत तिन्ही. पक्षाघाताने उजवा हात गेला आणि मामा-मामी माझ्याकडे सिल्वासाला राहायला आले.

मी इथल्या सुताच्या कारखान्यात तपासनीस. सूत गुंडाळायचा एक रिकामा कागदी कोन सहज घरी आणला होता. मामांनी तो ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात खुपसला, वाद्य डाव्या हातात घेतलं आणि त्यातून कधी न ऐकलेला, दबका, ओलसर सूर काढला. क्लॅरिनेट ते गुडघ्यांत धरत आणि डाव्या हाताला सापडतील तेवढ्याच सुरांवर अख्खी दुपार तोलत. माणसाचं जे काढून घेतलं जातं, त्या रिकाम्या जागेतूनच त्याला नवं काही सुचावं, हे कोणत्या हिशेबात बसवायचं?

मोबाइलवर मी त्यांची नऊ ध्वनिमुद्रणं केली. भरली अठ्ठेचाळीस मिनिटं. मग माझी सवय आडवी आली. धाग्यात गाठ दिसली की कापायची आणि टोकं जोडायची, हे मी बावीस वर्षं करतो आहे. मामा प्रत्येक ओळीनंतर धापा टाकत, थांबत. मला त्या गाठी वाटल्या. एकेक करून कापल्या, टोकं जोडली, मूळ मुद्रणं पुसून टाकली. उरली एकेचाळीस मिनिटं, निर्दोष.

ऐकून मामा हसले. “भाचेबुवा, हा कोण पठ्ठ्या? याला तर दमच लागत नाही!”

“साफ केलंय, मामा.”

“साफ? अरे, पुढचा सूर मी तिथेच तर शोधत होतो!” मग माझा उतरलेला चेहरा पाहून म्हणाले, “असू दे. पुन्हा वाजवू. मला कुठे खानवेलची बस गाठायचीय?”

पुन्हा वाजवणं झालं नाही. त्याच आठवड्यात दुसरा झटका आला आणि मामा गेले.

परवा मामी म्हणाली, “लाव ना रे त्यांचं काहीतरी.” लावलं. डोळे मिटून तिने ऐकलं. “छान आहे. पण ह्यात हे नाहीत. श्वास घेताना घशात बारीक शीळ वाजायची त्यांच्या. तेवढी ऐकायची होती.”

मी काय केलं ते तिला सांगितलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

कुठे किती कापलं, हे मात्र मी वहीत टिपलं होतं. तपासनिसाला ते टिपावंच लागतं. वही उघडली आणि मामीसमोर मुद्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं; तिने पुन्हा डोळे मिटले. जोड आला की मुद्रण थांबवायचं, घड्याळ पाहत तेवढे सेकंद बसायचं, मग पुढे. सहा. अकरा. सात. कापलेला श्वास असा परत येत नाही, हे मलाही कळत होतं. पण मामांना लागायचा तेवढा वेळ तरी त्यांना द्यावा, एवढंच मनात होतं.

चौथ्या जोडावर मी थांबवलं. मामीने डोळे उघडले नाहीत. नुसता हात वर धरला.

“थांब. अजून नाही.”

खोलीत काहीच वाजत नव्हतं.

“आता,” ती म्हणाली.

घड्याळात नऊ सेकंद झाले होते. वहीतही नऊच होते. मी वही मिटून ठेवली आणि पुढच्या जोडापासून तिच्या हाताकडे पाहत बसलो.