जेवणाच्या सुट्टीत घातलेल्या दोन ओळी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, खानापूरला आई होती तोवर तिलाही नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. सुरुवात कुठून करावी तेही कळत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बेळगावात एक खाजगी कॉम्प्युटर सेंटर होतं. निपाणी-चिकोडीकडच्या कॉलेजांचे मार्क तिथं मशीनमध्ये भरले जायचे. मी तिथली प्रोग्रामर. बाई असून प्रोग्रामर — याचा मला केवढा तोरा होता! माझ्या हाताखाली सुमन होती, ऑपरेटर. बोरगावच्या बौद्ध वस्तीतली, टायपिंग शिकून आलेली. नोकरी टेंपररी होती. आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला, खोकून खोकून बेजार झालेली. सुमन कायम झाली की आईनं वखार सोडायची, असं त्यांच्या घरात ठरलं होतं. मला हे माहीत होतं. डबा खाताना तिनंच सांगितलेलं.

आता थोडं मशीनचं सांगायला हवं — कंटाळू नका. तेव्हा डिस्क जेवणाच्या ताटाएवढी असायची आणि काढता-घालता यायची. पण नुसती घालून भागत नसे. ही डिस्क अमुक डिरेक्टरीला, म्हणजे मशीनमधल्या अमुक कप्प्याला, जोड, असं मशीनला सांगावं लागे — ते माउंट. काढण्याआधी सोड म्हणायचं — ते अनमाउंट. कारण टाइप केलेलं सगळं लगेच डिस्कवर जात नाही, काही मशीनच्या पोटातच राहतं. सोड म्हटलं की मशीन ते आधी लिहून टाकते, मग डिस्क मोकळी करते. मात्र कुणाचं टर्मिनल — म्हणजे पडदा आणि कीबोर्ड — त्या डिरेक्टरीत उघडं बसलेलं असलं तर मशीन नकार देते — बिझी आहे म्हणते.

हे हुकूम साहेबांच्या पासवर्डाशिवाय चालत नसत. सुमनला दरवेळी साहेबांना शोधत फिरावं लागू नये म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो पासवर्ड न विचारता मशीनला सोड म्हणायचा आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ यायची — डिस्क काढा. त्या ओळीचं माझं मलाच कोण कौतुक! पण मशीननं काय उत्तर दिलं, ते माझा प्रोग्राम बघतच नव्हता. होकार असो की नकार — डिस्क काढा. शिकाऊ पोरानं करावी अशी चूक. मी केली.

त्या दिवशी मी चहाला गेले. माझं टर्मिनल निपाणीच्या डिस्कवर बसलेलं, तसंच सोडून. सुमननं माझा प्रोग्राम चालवला. मशीननं नकार दिला असणार — तो तिला कोण सांगणार? पडद्यावर आलं, डिस्क काढा. तिनं काढली, चिकोडीची घातली. मशीनला वाटतंय, अजून निपाणीचीच आहे. पोटात राहिलेलं सगळं मशीननं चिकोडीच्या डिस्कवर लिहून टाकलं. निपाणीची अर्धवट राहिली, चिकोडीची नासली. कित्येक दिवसांचं टायपिंग पाण्यात गेलं.

साहेब कानडीत ओरडले. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात मराठीत म्हणाले, ह्यांच्या हातात मशीन दिली की असंच व्हायचं. ‘ह्यांच्या’ म्हणजे कुणाच्या, ते मला कळलं. मी मान खाली घातली. ती मान हलली, असं त्यांना वाटलं असेल का? हललीच होती.

सुमन मात्र घाबरली नाही. “आक्का, त्येनं काढा म्हणल्यावरच मी काढलीया. माझ्या डोळ्यानं वाचलंय,” एवढंच सगळ्यांसमोर म्हणाली. साहेब म्हणाले, जेवण झाल्यावर करूनच बघू.

इथवर सांगणं सोपं होतं. चूक कुणाचीही होते, आणि मूग गिळून गप्प बसणारे तर पावलोपावली भेटतात. तेवढंच असतं तर मी केव्हाच कुणाजवळ तरी बोलले असते.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले. सुमननं तिचा उघडलाच नाही. मी म्हणाले, प्रोग्राम एकदा नजरेखालून घालते — आणि टर्मिनलपाशी गेले. दोन ओळी घातल्या. उत्तर नकाराचं आलं तर तसं सांग, एवढ्याच. पुन्हा कंपाईल केलं — जुन्याच्या जागी नवा प्रोग्राम बसला. हात कापले का? नाही. भाकरी थापावी इतक्या सवयीनं चालले.

मग सगळे मशीनभोवती जमले. एकजण मुद्दाम आपलं टर्मिनल डिस्कवरच्या डिरेक्टरीत नेऊन बसला. सुमननं प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलं — थांबा, डिस्क वापरात आहे. तिनं पुन्हा चालवला. पुन्हा तेच. कुणीतरी हसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पडद्याकडे बघत राहिले.

महिना भरायच्या आत तिला काढलं. पुढं कळलं, तीही आईबरोबर वखारीत जायला लागली. मी त्याच सेंटरची मॅनेजर झाले. निपाणीवरून कितीदा बसनं गेले असेन — उतरले का? नाही.

जायच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली होती. डोळे सुजलेले. म्हणाली, “आक्का, माझंच वाचण्यात चुकलं असंल. उगंच तुमच्या प्रोग्रामवर आळ घेतला. राग धरू नगासा.”

मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. “असू दे गं,” म्हणाले — आणि तिला माफ केलं.