साडूंचा लोखंडी पंजा

जी वस्तू बाजारात तयार मिळते, तीच घरी दुप्पट वेळ घालवून आणि निम्म्या ताकदीची बनवायची, एवढ्याच कामासाठी परमेश्वराने जन्माला घातलेला एक माणूस मी पाहिला आहे. परमेश्वराच्या कामात आपण लुडबुड करू नये हे मला मान्य आहे, पण त्या माणसाला माझा साडू करण्याची काही गरज नव्हती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सुलतानपूरला राहतात, सात एकर वावर आहे, वय पासष्टीच्या पुढे गेलेलं आहे आणि हातात कायम एक पाना असतो. लग्नाच्या पंगतीतही असतो. मी त्यांना भाऊ म्हणतो. ते मला गुरुजी म्हणतात, कारण मी मलकापूरला तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पण दारात आलेल्या पाहुण्याला "चहा घेऊनच आले असाल" असं ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात ते 'गुरुजी' म्हणतात.

त्यांच्या घरातली एकही वस्तू कारखान्यातून आली तशी राहिलेली नाही. सायकलला त्यांनी दुसरं स्टँड बसवलं, त्यामुळे ती पडत नाही हे खरं, पण चालतही नाही. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी होती, त्यांनी बाहेरूनही एक बसवली. आत कोणी अडकलं तर बाहेरून उघडता यावं, हा हेतू. मी आत आंघोळ करत असताना, कडी लोंबकळत राहिलेली बरी दिसत नाही म्हणून त्यांनी ती व्यवस्थित लावली आणि वावरात निघून गेले. पुतणीच्या लग्नात त्यांनी तेलाच्या ड्रमचा कूलर करून मांडवात लावला होता. वारा असा सुटला की एकही अक्षता नवरानवरीपर्यंत पोचली नाही, सगळ्या भटजींच्या कानात गेल्या. त्यावर यांचं म्हणणं काय, तर "पाहा गुरुजी, हवा कशी फेकते!" नव्या यंत्राची आकृती ते खडूने अंगणात काढतात, तीही थेट दारासमोर, रांगोळीच्या जागी. आमच्या ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, फार सोशिक. त्या ती आकृती झाडून टाकत नाहीत. तिच्या भोवतीने रांगोळी काढतात.

तर असा हा माणूस गेल्या दिवाळीत पेचात सापडला. ताईंचा उजवा खांदा गेला होता. पऱ्हाट्या म्हणजे वेचणी संपलेल्या कपाशीची झाडं. ती उपटून, त्यांचे भारे बांधून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, नेऊन टाकायचे, हे काम दोघं नवराबायको पस्तीस वर्षं करत आले. भाऱ्याचं एक टोक यांच्या हातात, दुसरं त्यांच्या. डॉक्टरांनी सांगितलं, आता खांद्याच्या वर हात नेऊन वजन उचलायचं नाही. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर काट्याकुट्याच्या कामाला येत नाहीत. पुण्याहून मुलगा आला होता. त्याने लक्ष्मीपूजन झाल्यावर सरळ विषय काढला. वावर दुसऱ्याला कसायला मक्त्याने देऊन टाका आणि दोघं पुण्याला चला. भाऊ म्हणाले, "आखजीपर्यंत थांब. आखजीले वावर साफ दिसलं नाही, तर तू म्हणशीन थे." आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मुलगा म्हणाला, आईने हात लावायचा नाही. भाऊ म्हणाले, "नाही लावणार." मी तिथेच बसलो होतो. मुलाचं म्हणणं मला पटलं होतं आणि आखजीला येऊन मी मध्यस्थी करावी, म्हणजे वडिलांची समजूत घालावी, हे त्याचं माझं गुपचूप ठरलंही होतं.

शहाण्या माणसाने या परिस्थितीत काय केलं असतं? मेहकरला जाऊन पऱ्हाट्या कुटणारं यंत्र भाड्याने आणलं असतं. आमच्या साडूंनी छोट्या ट्रॅक्टरला पंजा बसवायचा ठरवला. हा ट्रॅक्टर एवढा लहान आहे की तो शेजारच्या मोठ्या ट्रॅक्टरजवळ उभा राहिला तर त्याचं पिल्लू वाटतो. त्याला पुढे दोन लोखंडी हात, हातांच्या टोकाला पंजा. हात वरखाली व्हायचे आणि पंजाने भारा आवळून धरायचा. अडचण एवढीच की ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकला एकच काम ठाऊक होतं, मागचं अवजार उचलणं. त्या तेलाच्या दाबावर पुढचे हात उचलण्याची सोय एका वेल्डिंगवाल्याने करून दिली. पण पंजा आवळायचा तर वेगळा जॅक, तो चालवायला वेगळा दांडा आणि तेलाच्या आणखी दोन नळ्या हव्या होत्या. म्हणजे जे तेल आधीच दोन कामांना पुरत नव्हतं, त्याला तिसरं काम लावायचं.

इथून माझ्यामागे फोनचं शुक्लकाष्ठ लागलं. हे गृहस्थ फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत, थेट मधूनच सुरू करतात. मी पहिला घास घेतला की त्यांना नेमकी शंका येते.

"तेल एकच हाय, गुरुजी. कामं तीन. तर थे वाटून काऊन नाही घेत?"

मी म्हटलं, "भाऊ, एवढ्याशा पंपात एवढा जोर नाही. तिन्ही कामं मंद होतील."

"मंद झाले तर झाले. आपल्याले कोठी गाडी पकडाची हाय?"

"मी सांगतो, हे होणार नाही."

"मंग तुम्ही तीस वर्षं पोरायले काय शिकवलं?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. वरणाचा घास माझ्या हातातच राहिला. बायको म्हणाली, एवढं बोलावतायत तर एकदा जाऊन या, तेवढेच घरातून बाहेर पडाल. बायकांना अशा वेळी बहिणीचा नवरा जवळचा वाटतो.

तीन बस बदलून मी सुलतानपूरला पोचलो, तेव्हा चैत्राचं ऊन तापलेलं. अंगणात खाटेवर ताईंच्या कुरडया वाळत होत्या आणि शेजारीच ट्रॅक्टर उभा होता. त्याला पुढे पंजा लागलेला पाहून मला भीती वाटली नाही, दयाच आली. पंजाची बोटं एका जुन्या वखराच्या पासेची, म्हणजे पात्याची, जॅक कुठल्याशा मोडीत निघालेल्या ट्रॉलीचा, आणि नळ्याही त्याच ट्रॉलीच्या. या नळ्यांचं कौतुक त्यांनी मला दोनदा सांगितलं. नव्या घेतल्या असत्या तर हव्या त्या लांबीच्या मिळाल्या असत्या, पण त्यात काय मजा? तेल निघतं ट्रॅक्टरच्या मागून, आणि तिथून दांड्यापर्यंत यायला या नळ्या हातभर तोकड्या पडल्या. त्यामुळे पंजाचा दांडा चालवणाऱ्याच्या हाताशी येईना. मग त्यांनी नळ्या न बदलता दांड्याचीच जागा बदलली. तो मागच्या चाकाच्या मडगार्डवर, चालवणाऱ्याच्या पाठीमागे बसवला. पाठीमागच्या दांड्याने पुढचा पंजा! चालवणाऱ्याने पुढे पाहिलं तर दांडा हाती लागत नाही, मागे वळून दांडा धरला तर पंजा दिसत नाही. मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणून तर तुमाले बोलावलं."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी इंजिन सुरू केलं, दांडा ओढला आणि एका सांध्यातून तेलाची बारीक चिळकांडी उडाली. ती पहिल्यांदा माझ्या पांढऱ्या शर्टावर आली, मग वाऱ्याबरोबर वळून सगळ्या कुरडयांवर पसरली. ताई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तळाले तेल लागणार नाही." भाऊंनी सांधा आवळला आणि पुन्हा सुरू केलं. आता नळ्या उलट्या लागल्या आहेत हे कळलं. दांडा मिटायच्या बाजूला ओढला की पंजा उघडायचा. अदलाबदल दहा मिनिटांचं काम होतं. पण ते म्हणाले, "राहू द्या. मशीनले काय कळते? मानसानंच सवय लावून घ्याव."

खरी मौज वावरात झाली. पंजाने पऱ्हाट्यांचा पहिला भारा धरला, हात वर जाऊ लागले आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन सोडून वर आली. भाऊंनी इंजिन बंद केलं, उतरले आणि बाजारात बैल बघावा तसं माझ्याकडे पाहिलं. मडगार्डला त्यांनी एक लोखंडी खुर्ची जोडून ठेवलीच होती. "बसा न बापा. वजनाचं वजन अन् दांड्याचा दांडा!" म्हणजे तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाची त्या यंत्रात जागा कोणती, तर मागचा दगड. बसलो. ते पुढून ओरडत, "धरा!" मी दांडा मिटायच्या बाजूला ओढला की पंजा उघडून भारा खाली. "सोडा" म्हटलं की मी घट्ट धरून ठेवायचो. एका माणसाचं काम वाचवायला बनवलेल्या यंत्रावर आम्ही दोन माणसं होतो आणि तासाभरात तीन भारे हलले. चौथ्याला माझी कंबर धरली. मी खाली उतरलो आणि धुऱ्यावर बसून मला जे बोलायचं होतं ते सगळं बोललो. की हे यंत्र नाही, पोरखेळ आहे. की आखजीला बारा दिवस राहिलेत आणि या चालीने वावर साफ व्हायला दिवाळी उजाडेल. की मुलगा काही शत्रू नाही.

भाऊ ऐकत होते. पान्याने कुठला तरी बोल्ट उगाच आवळत होते. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

ताई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी टोपलं बाभळीखाली ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरका भावजी." त्या ट्रॅक्टरवर कधी चढल्या नव्हत्या. भाऊ म्हणाले, "अवं, पोरानं हात लावू नको सांगतलं." त्या म्हणाल्या, "उचलाले नाही सांगतलं. दांडा ओढाले कोठी नाही सांगतलं?" त्यांचं वजन माझ्या निम्मं, म्हणून खुर्चीच्या बाजूला दोन दगड बांधले. दांडा कमरेच्या उंचीवर, डाव्या हाताला. दुखऱ्या खांद्याला काही काम नाही.

आणि मग मी पाहिलं ते असं. भाऊंनी "धरा" म्हटलंच नाही. ते नुसते पुढे जायचे, थांबायचे आणि पंजा मिटलेला असायचा. वळायचे, आणि धुऱ्यावर तो नेमका उघडायचा. उलटा दांडा ताईंना उलटा वाटलाच नाही, त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. पस्तीस वर्षं भाऱ्याचं दुसरं टोक धरलेल्या बाईला समोरचा माणूस कधी उचलणार, कधी टाकणार, हे काय सांगायचं? चाल मंदच होती. पण दोघं बोलत होते. इंजिनाच्या आवाजात काय ते मला ऐकू आलं नाही. मध्येच ताई हसल्या तेवढं दिसलं.

आखजीला मुलगा आला. मीही गेलो, समजुतीचं भाषण तयार करून. वावर साफ होतं. धुऱ्याकडचा एक पट्टा राहिला होता, पण तो मुलाने मनावर घेतला नाही. त्याने यंत्र पाहिलं, फिरून पाहिलं, हसला आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगा भला आहे. म्हणाला, "बाबा, बनवलं भारी. फक्त नळ्या लांब घेऊ. मी उद्याच मेहकरहून आणतो. दांडा पुढे तुमच्या हाताशी आला की आईला बसायची गरज नाही, तुमचं तुम्हाला एकट्याला जमेल. एका दिवसाचं काम आहे."

त्याचं अगदी बरोबर होतं. मीही तेच सांगितलं असतं. भाऊंनी ताईंकडे पाहिलं. ताई पुरणाची पोळी वाढत होत्या. त्या थांबल्या आणि मुलाला म्हणाल्या, "अन् मंग मी काय करू?"

मुलगा पोळीकडे बघत राहिला. मक्त्याचा विषय त्याने काढला नाही, पुण्याचाही नाही. थोड्या वेळाने त्याने नजरेनेच मला विचारलं, काका, तुम्ही काही सांगा ना. मी तूप मागितलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मी नेहमीप्रमाणे साडूंना मनातल्या मनात शिव्या दिल्या. हातभर तोकड्या नळ्या, उलटा दांडा, तेलकट कुरडया, सगळं आठवून दिल्या. पण ताईंचा प्रश्न काही केल्या हलेना. त्याचं उत्तर माझ्यापाशी असतं, तर निवृत्त झाल्यापासून मलकापुरात मी रोज सकाळी तोच पेपर दोनदा वाचला नसता.