टाचा टेकवून

कप्तानबाईंची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. धक्क्यावर नवा आलेला माणूस लाँच कोण चालवतं म्हणून चौकशी करायचा आणि त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहायचा. मग बाई खालून म्हणायच्या, "मान जरा खाली घाला, मीच ती." एकदा तो आवाज ऐकला की भल्याभल्यांची मान खाली यायची.

किनाऱ्यापासून नऊ मैलांवर एका खडकावर दीपस्तंभ होता. तिथल्या माणसांची ने-आण करणं हे बाईंच्या लाँचचं काम. खडकाला धक्का नाही, नुसती लोखंडी शिडी. लाँच शिडीजवळ न्यायची, लाटेनं ती वर उचलली की माणसानं उडी मारून शिडी पकडायची. उतरताना याच्या उलट. लाट दीड मीटरच्या वर असली की हा उद्योग बंद, असा नियम होता आणि तो शहाण्या माणसानं केलेला होता. लाँच आणि शिडीच्या मध्ये पाय सापडला तर तो पाय परत मिळत नाही.

आता लाट दीड मीटर आहे की नाही, हे ठरवायचं कोणी? धक्क्यावरच्या कचेरीतल्या साहेबांच्या मते हवामानाच्या अंदाजानं. सकाळी सहाला तो कागद यंत्रातून बाहेर पडला की साहेबांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. बाई त्या कागदाकडे उधार मागायला आलेल्या पाहुण्यासारखं बघायच्या. "एका आकड्यात अख्ख्या जिल्ह्याएवढा समुद्र कोंबलाय," त्या म्हणायच्या. "आणि आकडा तरी कसला? मोठ्या लाटांची सरासरी. एखादी लाट दुप्पट येते, आणि वाळूच्या पट्ट्यामागे निम्मीसुद्धा नसते. खडक कुठे आहे? पट्ट्यामागे!"

त्यांचं स्वतःचं माप म्हणजे त्या स्वतः. त्यांच्या आधी लाँच बाबा चालवायचे. मुलीच्या हाती सुकाणू देताना त्यांनी लाँचच्या मागच्या खोलगट भागात एक फळी ठोकून दिली. त्या फळीवर बाई अनवाणी उभ्या राहिल्या की त्यांचे डोळे पाण्यापासून बरोबर दीड मीटरवर येत. लाँच दोन लाटांच्या मधल्या खळग्यात असताना समोर बघायचं. येणाऱ्या लाटेच्या माथ्यावरून क्षितिज दिसलं, तर लाट दीडच्या आत. क्षितिज झाकलं, तर वर. वीस लाटा मोजायच्या. दोनांनी झाकलं तर चालेल, तीन झाल्या की गुपचूप घरी. शिकताना बाबा मागे उकिडवे बसायचे आणि पोरीच्या पायावर टिचकी मारायचे, "टाचा खाली!" बुटक्या माणसाला टाचा उचलायची सवय असते, आणि उचललेल्या टाचांना प्रत्येक लाट लहान दिसते.

बावीस वर्षं हे माप चुकलं नव्हतं. बाईंना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नव्हत्या.

त्या वर्षी त्यांचा मुलगा दीपस्तंभावर दिवा दुरुस्त करायला गेला. सहा दिवसांचं काम, अकरावा दिवस उजाडला तरी तो तिथेच. रोज कागदावर अडीच मीटर, आणि रोज साहेबांचा नकार. इकडे बाबा हॉस्पिटलात. हृदयाचं ऑपरेशन बाराव्या दिवशी सकाळी आठला ठरलेलं. मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच येत आणि इथले डॉक्टर म्हणत होते, महिनाभर थांबणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि बाबांनी संमतीच्या कागदावर सही करायला साफ नकार दिला.

"नातू येऊ दे. त्याला विचारतो, मग सही."

"मी आहे ना समोर!" बाई म्हणाल्या.

"तू हो म्हणशीलच. तुला लहानपणापासून घाई."

हे बाईंना फार लागलं. बावीस वर्षं लाँच चालवून वर हे ऐकायचं! पण आजारी माणसाशी भांडायचं तरी कसं?

अकराव्या दिवशी सकाळी त्या कचेरीत गेल्या. कागदावर दोन पॉइंट चार.

"साहेब, ती खिडकी उघडा आणि बाहेर बघा."

"बाई, अंदाज—"

"अंदाजाला बोट चालवता येत नाही. मी जाऊन बघून येते. दीडच्या वर असेल तर तशीच परत फिरेन. माझा शब्द."

बाईंचा शब्द म्हटल्यावर साहेबांचा नाइलाज झाला.

खडकाजवळ समुद्र खरंच कागदापेक्षा बरा होता. जुन्या खलाशाच्या हाती सुकाणू देऊन बाई फळीवर उभ्या राहिल्या आणि मोजू लागल्या. वर दीपस्तंभाच्या गच्चीत मुलगा दिसत होता. दहा लाटा, एकीनं झाकलं. अठरा लाटा, दोनच. बाईंच्या मनात मुलाला घेऊन लाँच परत निघालीसुद्धा होती. एवढ्यात डाव्या पोटरीत असा काही गोळा आला की त्या कळवळल्या आणि खाली वाकल्या.

त्यांच्या दोन्ही टाचा फळीपासून चांगल्या तीन बोटं वर होत्या.

त्यांनी टाचा टेकवल्या आणि पहिल्यापासून मोजलं. विसात सात.

वायरलेस खरखरला. "आई, उतरू का?"

"नाही. लाट मोठी आहे."

खलाशी चक्रावला. "बाई, आत्ता तर दोनच म्हणालात."

"टाचा वर होत्या माझ्या," बाई म्हणाल्या. सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समुद्राची भीती त्यांना कधी वाटली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्याच डोळ्यांची वाटली.

पण परत जायला त्या तयार नव्हत्या. ओहोटी लागली होती. अजून तीन तासांनी वाळूचा पट्टा वर येईल आणि लाटा अलीकडे पोचायच्या आधीच तिथे फुटतील, हे त्यांना घराच्या पायऱ्यांइतकं पाठ होतं. साहेबांना तसं कळवून त्या थांबल्या. खलाशानं डबा उघडला. बाई पट्ट्याकडे बघत राहिल्या.

अडीच वाजता त्या पुन्हा फळीवर चढल्या. "मागे बस," त्या खलाशाला म्हणाल्या, "आणि माझ्या पायांवर लक्ष ठेव." लाँच तेवढ्यापुरती नांगरावर होती. खलाशी तीस वर्षांचा अनुभव घेऊन निमूटपणे मागे उकिडवा बसला.

"टेकल्यात?"

"चिकटल्यात, बाई."

विसात एक.

मुलगा उतरला तो असा अलगद, की जणू जिन्यावरून खाली आला. लाँच वळल्यावर तो आईजवळ येऊन उभा राहिला.

"सकाळी तू हो म्हणाली असतीस ना, तरी मी उतरलो नसतो."

"का रे?"

"दुर्बिणीतून तुझे पाय दिसत होते."

"मग उतरू का म्हणून विचारलंस कशाला?"

"तू काय म्हणतेस ते बघायला."

एरवी बाईंनी त्याची चांगलीच हजेरी घेतली असती. त्यांनी नुसतं सुकाणू घट्ट धरलं.

संध्याकाळी दोघं हॉस्पिटलात पोचले. बाबा उशीला टेकून बसले होते, कागद छातीवर. नातवाकडे बघून ते हसले, पण विचारलं मुलीला.

"लाट किती होती?"

"विसात एक. अडीच वाजता."

"आणि सकाळी?"

सकाळचं सांगायलाच हवं असं नव्हतं. मुलगा खिडकीबाहेर बघू लागला.

"सकाळी आधी दोन. मग सात."

"मध्ये काय झालं?"

"टाचा वर होत्या, बाबा. माझ्याच लक्षात नव्हतं. पोटरीत गोळा आला म्हणून कळलं."

बाबांनी छातीवरचा कागद उचलला. नातवानं हात पुढे केला होता, पण कागद त्याच्या हातावरून पुढे मुलीकडे आला.

"मग तूच सांग. करू सही?"

बाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, सावकाश. कुणी घाई केली नाही.

"करा, बाबा."

बाबांनी पेन मागितलं.